जोडून आलेली सुट्टी



येता शनिवार हा महिन्यातला चौथा शनिवार. पुढं रविवार, आणि सोमवारी 26 जानेवारी. अशी जोडून सुट्टी आली की घरोघर बेत सुरू होतात. कुणी महाबळेश्वर म्हणतं, कुणी कोकण, कुणी गोवा. मी आज तुम्हाला एक आग्रह करायला आलो आहे. या तीन दिवसांत सोलापूर सोडू नका. रात्री आपल्याच घरी, आपल्याच अंथरुणात झोपा, पहाटे उठा आणि गावाभोवतीचे पक्षी बघायला बाहेर पडा.

आपल्या जिल्ह्याला उन्हाचा जिल्हा म्हणून नाव पडलं आहे. पण जानेवारीचा शेवटचा आठवडा हा सोलापूरचा सगळ्यात देखणा काळ असतो. सिद्धेश्वराची यात्रा नुकतीच झालेली असते, सकाळी अंगावर स्वेटर लागतो, रानात ज्वारी हुरड्यावर आलेली असते. आणि सैबेरिया, मंगोलिया, तिबेट, मध्य आशिया एवढ्या दुरून आलेले पक्षी आपल्या तळ्यांवर आणि माळांवर मुक्कामाला असतात. ते हजारो कोस उडून आपल्या गावी येतात आणि नेमक्या त्याच वेळी आपण गाव सोडून गाडीत बसतो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

सुरुवात अगदी जवळून करू. विजापूर रस्त्यावरचा धर्मवीर संभाजी तलाव, म्हणजे आपला कंबर तलाव. शनिवारी सकाळी सात वाजता, सूर्य उगवता उगवता तिथं जाऊन बसा. फिरू नका, बसा. दुर्बीण असली तर उत्तम, नसली तरी अडत नाही. पाण्यात काळेभोर, कपाळावर पांढरा ठिपका असलेले पक्षी दिसतील, ते वारकरी. पाणवनस्पतींच्या पानांवरून लांबच लांब बोटं टाकत चालणारा कमळपक्षी दिसेल. त्याच्या संसाराची रीत ऐकण्यासारखी आहे. मादी अंडी घालते आणि निघून जाते, अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे काम नर करतो.

पण माझं सांगणं असं, की या सगळ्यांतून एकच पक्षी निवडा आणि अर्धा तास त्याच्यावरून नजर काढू नका. मी टिबुकली निवडेन. कबुतरापेक्षा लहान, तपकिरी, बिनशेपटीची वाटावी अशी. ती पाण्यावर तरंगत असते आणि क्षणात नाहीशी होते. मनात आकडे मोजत राहा. दहा, बारा, पंधरा. ती भलतीकडेच वर येते, चोचीत चिमुकला मासा असतो, तो दोनदा झटकून गिळते आणि पुन्हा बुडी. तिचे पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला असतात. त्यामुळं तिला जमिनीवर धड चालता येत नाही, पण पाण्याखाली ते वल्ह्याचं काम करतात. घार डोक्यावर आली की तिचं आणखी एक कसब दिसतं. ती सूर मारत नाही, पिसांमध्ये धरलेली हवा दाबून सोडून देते आणि जागच्या जागी खाली जाते. पाण्यावर तरंगसुद्धा उठत नाही. हे एकदा नीट दिसलं, की पंधरा-वीस पक्ष्यांच्या नावांची यादी करण्यापेक्षा मनाला किती तरी जास्त स्वस्थता मिळते. सुट्टीत माणसाला हवी असते ती हीच स्वस्थता. आपलं लक्ष एका जागी टिकलं की डोकं आपोआप शांत होतं. त्यासाठी दूर जावं लागत नाही, थांबावं लागतं.

रविवारची पहाट हिप्परग्याला द्या. तुळजापूर रस्त्यावरचा हा तलाव म्हणजे आदिला नदीवरचा एकरुख तलाव, इंग्रजी अमदानीत बांधलेला. तिथं चक्रवाक दिसतील. केशरी-तांबूस अंगाची, जोडीजोडीनं राहणारी ही बदकं लडाख-तिबेटच्या उंच पठारांवरून येतात. काठावर चिखल उघडा असेल तर शेकाट्या आणि तुतारी पक्षी चोचीनं तो टोचत फिरताना दिसतील. तलाव तुडुंब असला तर हे चिखलातले पक्षी कमी, तेव्हा पाण्याची पातळी बघूनच अपेक्षा ठेवा.

मात्र नजर पट्टकदंबांच्या शोधात ठेवा. हा राखाडी रंगाचा हंस आहे. पांढऱ्या डोक्यावर मागच्या बाजूनं दोन काळे आडवे पट्टे, चोच आणि पाय नारिंगी-पिवळे. तो मंगोलिया आणि तिबेटच्या सरोवरांकाठी वीण करतो आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडं येतो. शास्त्रज्ञांनी या पक्ष्यांच्या पाठीवर छोटी यंत्रं बसवून त्यांचा माग काढला आहे. त्यात 7,000 मीटरच्याही वर गेलेले पट्टकदंब नोंदले गेले. एवढ्या उंचीवर धडधाकट माणसालाही श्वास पुरत नाही. या पक्ष्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन विरळ हवेतूनही प्राणवायू धरून ठेवतं. शिवाय तो शहाण्यासारखा प्रवास करतो. बहुतेक वेळा दऱ्याखोऱ्यांच्या उठावाला धरून खालून उडतो, आणि हवा थंड आणि दाट असते अशी रात्रीची किंवा पहाटेची वेळ निवडतो. असा एक थवा दुपारी पाण्याकाठी डोकी पाठीत खुपसून झोपलेला दिसला, तर त्याला उठवू नका. रात्री तो चरायला बाहेर पडतो, दिवसा त्याला झोप हवी असते. फोटोसाठी जवळ जाऊन थवा उडवणं मला अजिबात पटत नाही. मान वर करून पक्षी तुमच्याकडं बघायला लागले की समजावं, इथंच थांबायचं.

रविवारी संध्याकाळी ओळखीच्या कुणाच्या रानात हुरड्याला जा. हे तसंही तुम्ही करतच असाल. आगटीत कणसं भाजायची, गुळभेंडीचा हुरडा, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. फक्त यंदा थोडं लवकर जा, चारच्या सुमाराला, आणि ज्वारीच्या वर बघा. भोरड्या येतात. अंग गुलाबी, डोकं आणि पंख काळे, साळुंकीएवढा पक्षी. शेतकऱ्याचं आणि त्यांचं हाडवैर. कणसात दाणा भरला की भोरड्यांचे थवे उतरतात, आणि मग माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची, डबे वाजवायचे, असा सगळ्या घराचा दिवस जातो. हे नुकसान खरं आहे, ते मी कमी लेखत नाही. पण याच पक्ष्याची दुसरी बाजूही शेतकऱ्यानं ऐकावी. भोरड्या मध्य आशियात खडकांच्या कपारीत वीण करतात आणि पिल्लांना टोळ आणि नाकतोडे भरवतात. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळांच्या बंदोबस्तासाठी त्यांना मुद्दाम दगडविटांची घरटी बांधून दिली जातात. आपल्याकडंही त्या नाकतोडे आणि अळ्या खातात. पुढं काटेसावर आणि पळस फुलले की त्यातला मध प्यायला याच भोरड्या येतात आणि कपाळाला लागलेले परागकण एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात.

सूर्य कलला की त्या रात्रीच्या मुक्कामाला निघतात. तळ्याकाठच्या बाभळी, उसाचे फड ही त्यांची झोपायची ठिकाणं. उतरण्यापूर्वी हजारो पक्षी आकाशात एकत्र फिरतात. धुराचा लोट वळावा तसा तो थवा वळतो, आक्रसतो, पसरतो, मधूनच काळा होतो आणि पुन्हा विरळ. इतके पक्षी, पण एकाचा पंख दुसऱ्याला लागत नाही. इटलीतल्या शास्त्रज्ञांनी रोम शहरावर फिरणाऱ्या अशाच साळुंकीकुळातल्या थव्यांचा अभ्यास केला. त्यांना असं आढळलं, की प्रत्येक पक्षी फक्त आपल्या जवळच्या सहा-सात पक्ष्यांवर लक्ष ठेवतो. त्यांच्यापैकी कुणी वळला की हाही वळतो. सगळ्या थव्याला पुढारी असा कुणी नसतो. मुलांना हे आधी सांगून ठेवा आणि मग आकाश दाखवा. हुरड्याची चव एरवीही आठवणीत राहते, त्या संध्याकाळी ती आणखी पक्की होते.

राहिला सोमवार. झेंडावंदन करा, आणि त्यानंतर किंवा दुपार कलल्यावर बार्शी रस्त्यानं नान्नजकडं जा. इथं मला जरा जास्त बोलायचं आहे. नान्नजचं माळढोक अभयारण्य 1979 साली जाहीर झालं. माळढोक म्हणजे उडणाऱ्या सर्वांत वजनदार पक्ष्यांपैकी एक, नराचं वजन पंधरा किलोपर्यंत भरतं. मादी साधारण वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एक काळ असा होता की मुंबईहून बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे अभ्यासक माळढोकासाठी नान्नजला मुक्काम टाकून राहत. आज जगात हे पक्षी अगदी थोडे उरले आहेत, बहुतेक राजस्थानात आहेत, आणि आपल्या माळावर माळढोक दिसणं दुरापास्त झालं आहे. माळाची शेतं झाली, ऊस आणि द्राक्षं आली, विजेच्या तारा आल्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात, समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही, आणि दिसली तरी जड अंगामुळं पटकन वळता येत नाही.

मग तिथं जायचं कशाला, असं कुणी विचारेल. माळ अजून जिवंत आहे, म्हणून जायचं. काळविटांचे कळप रस्त्यावरूनसुद्धा दिसतात. गवताच्या टोकांना जवळजवळ टेकत, पंख किंचित वर उचललेले ठेवून भोवत्या हा शिकारी पक्षी तरंगत जातो. तो मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशांतून येतो, दिवसभर नाकतोडे, उंदीर आणि चंडोल शोधतो आणि रात्री झाडावर न बसता गवतातच झोपतो. त्याला झोपायला उंच गवत लागतं, त्यामुळं गवत पेटवलं की त्याचं घर जातं. धाविक पक्षी पळतो, थबकतो, पुन्हा पळतो. थांबलेला धाविक मातीतून वेगळा ओळखून दाखवा, मी तुमचे डोळे तेज म्हणेन. डोंबारी चंडोलाचा नर हवेत वर चढतो, शीळ घालत खाली झेपावतो, जमिनीला लागणार असं वाटतं तोच पुन्हा वर उसळतो. अभयारण्यात आत जायचं तर वनखात्याची परवानगी घेऊनच जा. आणि माळावर गाडी घालू नका, पायवाट सोडू नका, इथं पुष्कळ पक्षी जमिनीवरच राहतात.

सरकारदप्तरी माळाला पडीक म्हणतात. आपणही म्हणतो. मला हे मान्य नाही. ज्या जमिनीवर काळवीट, लांडगा, खोकड, भोवत्या आणि धाविक एकाच वेळी पोसले जातात, आणि धनगराची मेंढरंही चरतात, ती पडीक कशी? तिथं झाडं लावून तिला जंगल करायला जाणं हेही चुकीचंच. माळाला माळ म्हणूनच राहू द्यायला हवं.

सोलापूरकरांना तर पक्ष्यांशी असलेल्या आपल्या नात्याचा अभिमान वाटायला हवा. पक्ष्यांचे अभ्यासक आणि लेखक मारुती चितमपल्ली याच शहरात 5 नोव्हेंबर 1932 रोजी जन्मले. वनखात्यात त्यांनी आयुष्य घालवलं, रानातल्या माणसांकडून पक्ष्यांची नावं गोळा केली, 'पक्षीकोश' सिद्ध केला आणि आयुष्याच्या अखेरीला ते सोलापुरातच परतले. जून 2025 मध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अलींचा 12 नोव्हेंबर, या दोन तारखांमधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. त्याची वाट बघत नोव्हेंबरपर्यंत थांबायचं कारण नाही. दर वर्षी फेब्रुवारीच्या मध्यावर जगभर चार दिवस परसदारातल्या पक्ष्यांची गणना होते. कुणीही पंधरा मिनिटं एका जागी बसून, दिसले तेवढे पक्षी मोजून, त्या नोंदी ई-बर्ड या संकेतस्थळावर पाठवू शकतो. या तीन दिवसांत डोळे तयार झाले तर त्यात तुम्हीही भाग घ्या.

शेवटी एक काम सांगतो. संक्रांत नुकतीच झाली आहे. झाडांवर, तारांवर, गच्च्यांवर मांजा लोंबतो आहे. नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादानं 2017 साली देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो आणि वापरला जातो. तो पावसानं कुजत नाही. घारी, घुबडं, बगळे त्यात महिनोन्महिने अडकत राहतात. अंगणातल्या आणि गच्चीवरच्या झाडांवर हाताला येईल तेवढा मांजा या सुट्टीत काढा, कात्रीनं त्याचे बारीक तुकडे करा आणि मगच कचऱ्यात टाका. अंगणातल्या आणि गच्चीवरच्या झाडांवर हाताला येईल तेवढा मांजा या सुट्टीत काढा, कात्रीनं त्याचे बारीक तुकडे करा आणि मगच कचऱ्यात टाका. अडकलेला, जखमी पक्षी दिसला तर ओढाताण करू नका. वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.