गोळी दोघांची, पथ्यही दोघांचे
(आहुपे येथे बायकांच्या बैठकीत केलेल्या भाषणातून)

बायांनो, अंगावरून पांढरे जाते, हे आपण कुणाला सांगत नाही. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत बायांची तपासणी केली. १९८९ साली ती प्रसिद्ध झाली. शंभरांतल्या ९२ जणींना आजार निघाला. आधी तपासणी झाली होती फक्त ८ जणींची.

तेव्हा घोडेगावला जा, तपासून घ्या. काही जंतुदोषांवर मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या देतात. पोटात दिवस असतील तर आधी सांगा. गोळी जेवणानंतर घ्या. तोंड कडवट होईल, मळमळेल, लघवी गडद होईल, घाबरू नका. पण अंगावर पुरळ उठले, हातापायांना मुंग्या आल्या, तर लगेच दवाखाना गाठा. बरे वाटले म्हणून गोळ्या अर्ध्यावर सोडू नका.

गोळ्या चालू असताना आणि नंतर तीन दिवस दारू वर्ज्य. उलट्या, धडधड होऊ शकते. "आम्ही कुठं पितो?" म्हणाल. पण अशोकारिष्टातही अल्कोहोल असते!

आणि नवरा? आजार ट्रायकोमोनसचा असेल तर गोळ्या त्यालाही हव्यात. दारूपायी त्याने त्या टाळल्या, तर लागण पुन्हा तुम्हालाच. मग नाव मात्र बाईला ठेवतात. म्हणून दवाखान्यात त्यालाही बरोबर न्या.