वैद्याचे बोलणे आणि वैद्याचे वागणे



आजचा विषय गावातल्या प्रत्येक ओट्यावर कधी ना कधी चघळला गेलेला आहे. डॉक्टरांनी एखाद्याला तंबाखू सोडायला सांगितली, गोड कमी करायला सांगितले, रोज अर्धा तास चालायला सांगितले, म्हणजे तो घरी येऊन काय म्हणतो? "आधी त्यांनी आपली सिगारेट सोडावी, आपले पोट आवरावे, आणि मग आम्हांला सांगावे." ऐकणारे हसतात, मान डोलावतात, आणि तंबाखूची पुडी पुन्हा उघडली जाते. हा युक्तिवाद कितपत खरा, एवढेच आम्हांला आज पाहावयाचे आहे.

हा आक्षेप अगदीच पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. नीतीचा उपदेश करणाराचे आचरण आपण पाहतो, आणि ते योग्यच आहे. कारण तेथे त्याच्या शब्दाला त्याच्या आचरणावाचून दुसरा तारण नसतो. परंतु आरोग्याच्या सल्ल्याची गोष्ट निराळी. स्टेशनची वाट सांगणारा मनुष्य स्वतः स्टेशनावर चाललेला असावा लागत नाही. वाट बरोबर आहे की नाही, हे रस्त्यावरून ठरते. वैद्यकातल्या सल्ल्याचा रस्ता म्हणजे पुरावा. तो पुरावा कसा जमला, हे पाहिले म्हणजे मोठी मौज दिसते.

१९५० साली रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोघा इंग्रज संशोधकांनी लंडनच्या रुग्णालयांतील रोग्यांची पाहणी प्रसिद्ध केली. फुप्फुसाचा कर्करोग एवढा का वाढला, हा प्रश्न होता. डॉल यांचा प्रथम संशय होता तो रस्त्यांवरच्या डांबरावर आणि मोटारींच्या धुरावर. ते स्वतः सिगारेट ओढीत. आकड्यांनी बोट दाखविले ते नेमके त्यांच्या हातातल्या सिगारेटकडे, आणि त्यांनी ती सोडली. पुढे १९५१ साली या दोघांनी ब्रिटनमधील सुमारे साठ हजार डॉक्टरांना पत्रे धाडून त्यांच्या धूम्रपानाची माहिती मागविली. सुमारे चाळीस हजारांनी उत्तरे दिली. डॉक्टरच का? कारण त्यांची नावे सरकारी नोंदीत असत, आणि कोण कधी व कशाने मरण पावला याचा माग ठेवणे सोपे होते.

१९५४ साली पहिला निष्कर्ष बाहेर आला. पाहणीतले ३६ डॉक्टर तोवर फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले होते, आणि त्यांत धूम्रपान न करणारा एकही नव्हता. हे काम पन्नास वर्षे चालले. २००४ साली ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा शेवटचा हिशेब मांडला गेला, तेव्हा दिसले की सतत सिगारेट ओढणाऱ्यांचे आयुष्य सरासरीने सुमारे दहा वर्षांनी कमी भरले. ज्यांनी तिशीत सोडली त्यांनी जवळजवळ ती सगळी दहा वर्षे वाचविली, आणि साठीत सोडणाऱ्यांनीही तीन वर्षे मिळविली.

श्रोतेहो, यातले मर्म ध्यानात घ्या. "डॉक्टर ओढतात, मग आम्ही का नको?" असे आपण विचारतो. त्याचे उत्तर त्या ओढणाऱ्या डॉक्टरांनीच दिले आहे, आणि तेही आपल्या मृत्यूने. त्यांची सिगारेट हे त्यांच्या सल्ल्याचे खंडन नसून त्याचा पुरावा आहे.

अमेरिकेतले उदाहरण याहूनही बोलके आहे. एव्हार्ट्‌स ग्रॅहम हे सेंट लुईचे नामांकित शस्त्रवैद्य. कर्करोग झालेले एक संपूर्ण फुप्फुस काढून रोगी जगविण्याची किमया त्यांनी १९३३ साली केली. तो रोगीही डॉक्टरच होता. ग्रॅहम स्वतः भरपूर सिगारेट ओढीत, आणि सिगारेटने कर्करोग होतो यावर त्यांचा विश्वास नव्हता. अर्न्स्ट वाइंडर या तरुण विद्यार्थ्याच्या आग्रहावरून दोघांनी पाहणी केली, आणि १९५० साली ग्रॅहम यांनी स्वतःच्या मताविरुद्ध गेलेला निष्कर्ष स्वतःच्या नावाने छापला. पुढे त्यांनी सिगारेट सोडली, पण उशीर झाला होता. १९५७ साली ते फुप्फुसाच्या कर्करोगानेच गेले. त्यांनी वाचविलेला तो रोगी मात्र त्यांच्या मागे हयात होता.

न्यायालयात स्वतःच्या विरुद्ध जाणाऱ्या कबुलीला वजन असते, हे आपल्यातले वकील सांगतील. व्यसनी डॉक्टर जेव्हा व्यसनाविरुद्ध बोलतो तेव्हा तो आपल्या आवडीविरुद्धच साक्ष देत असतो. खरा संशय धरावयाचा तो दुसऱ्या ठिकाणी. १९४६ पासून एका अमेरिकन सिगारेट कंपनीने डॉक्टरांची चित्रे छापून, अधिकाधिक डॉक्टर आमचीच सिगारेट पसंत करतात अशी जाहिरात चालविली. तेथे डॉक्टरचा पांढरा कोट माल खपविण्यासाठी वापरला गेला. म्हणून सल्ला ऐकताना, हा मनुष्य तसे वागतो काय, एवढेच विचारून भागत नाही. या सल्ल्यात कोणाचा फायदा आहे, आणि मागे पुरावा काय, हे विचारावे.

मग डॉक्टरांना सर्व माफ काय? नाही. ज्ञान झाले म्हणजे सवय सुटते असे नाही. निकोटिनची पकड पदवी पाहून ढिली होत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु दवाखान्याच्या दारात सिगारेट ओढणारा डॉक्टर रोग्याच्या हाती एक सबब देतो, आणि स्वतःच्या जिभेवरही कुलूप घालतो. जे आपल्याला साधले नाही ते दुसऱ्याला ठासून सांगण्याचा त्याला संकोच वाटू लागतो. आमची त्यांना विनंती आहे की, सुटत असेल तर सोडा. सुटत नसेल तर निदान, "मला हे जमले नाही, तुम्ही माझ्या वाटेने येऊ नका," एवढे उघड सांगा. असे सांगणाऱ्या डॉक्टरचा मान कमी होत नाही.

आणि आपल्याला सांगणे हे की, ज्या महाराष्ट्रात तंबाखू चुन्याबरोबर मळली जाते, मिश्रीच्या रूपाने घरातल्या बायकांच्या दातांना लागते, आणि २०१२ साली गुटख्यावर बंदी घालण्याची पाळी सरकारवर आली, तेथे ही सबब फार महाग पडते. डॉक्टरच्या दोषाबद्दल दंड डॉक्टरला होत नाही. तो आपल्या तोंडाला, आपल्या फुप्फुसाला आणि आपल्या मुलाबाळांना भरावा लागतो. दिव्याखाली अंधार असतो हे खरे. पण म्हणून दिव्याचा उजेड खोटा ठरत नाही. त्या उजेडात आपली वाट आपणच पाहावयाची आहे.