अकीक ओळखावा कसा?



शाळेच्या वाटेवर सापडलेला गुळगुळीत खडा मूल वर्गात आणते आणि विचारते, "गुरुजी, हा कसला दगड?" पुष्कळदा "गारगोटी" एवढेच उत्तर मिळते. ते खोटे नसते, पण अपुरे असते. आणि अपुऱ्या उत्तरापाशी मुलाची जिज्ञासाही थांबते.

मुंबईच्या उपनगरातील कांजूरमार्गचे उदाहरण घेण्याजोगे आहे. तेथे पूर्वेस ठाण्याची खाडी आणि पश्चिमेस पवईकडील टेकड्या आहेत. पण तळाशी महाराष्ट्राच्या बहुतांश भागात आढळणारा काळा फत्तरच आहे. सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थंडावताना त्यातील वायूंचे बुडबुडे अडकून अशा फत्तरात पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेले पाणी काही पोकळ्यांत झिरपले आणि भिंतीकडून आत थरावर थर साचत गेले. या थरांच्या सूक्ष्मकणी खनिजास अकीक म्हणतात. मध्यभागी जागा उरल्यास तेथे गारेचे स्फटिकही वाढतात.

ओळखीसाठी प्रयोगशाळा लागत नाही. अकीकाच्या फुटक्या कडेवर रंगांचे पट्टे दिसतात आणि पातळ कडेतून उजेड झिरपतो. त्याची कठिनता ६.५ ते ७ असल्याने काचेवर त्याचा ओरखडा उठतो. त्याच पोकळ्यांत आढळणारा कॅल्साइट मात्र चाकूने सहज ओरखडला जातो, आणि सौम्य आम्ल टाकताच फसफसतो. केवळ रंगावरून निर्णय करू नये. रंग फसवा असतो. काच व आम्ल शिक्षकाने स्वतःच हाताळावे. दगडांच्या खाणीत किंवा रेल्वेच्या रुळांवर मुलांना पाठवू नये. रस्त्याकडेची खडी किंवा नदीपात्रातील गोटे पुरेसे आहेत.

हा विषय भूगोलापुरता नाही. अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळात डॉ. ह. धी. सांकलिया यांच्या मार्गदर्शनाखाली उत्खनन झाले. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या तेथील शेतकऱ्यांनी अकीकाच्याच जातीच्या दगडाची धारदार पाती बनविली होती. गुजरातेत खंबायतचे कारागीर आजही अकीकाचे मणी घडवितात.

मुलाने आणलेला खडा टाकून देण्याऐवजी त्यावर सापडल्याचे ठिकाण व दिनांक लिहावा आणि तो शाळेच्या संग्रहात ठेवावा. नाव सांगण्यापूर्वी मुलास स्वतः पाहू द्यावे, पारखू द्यावे. पारखण्याची ती सवय हेच या पाठाचे खरे फळ होय.