धनी की राखणदार? जयंतिया डोंगरांची हकीकत

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत आमच्या धर्मगुरूंनी दिलेले भाषण)



महोत्सव मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही ह्या देवळाचा पन्नास वर्षांचा इतिहासच सांगू, अशी पुष्कळांची अपेक्षा असेल. तो इतिहास आमच्याहून अधिक माहीतगार वडीलधारी मंडळी सांगणारच आहेत. आम्ही आपणांस येथून फार दूर, हिंदुस्थानच्या ईशान्य कोपऱ्यातील एका डोंगरी मुलखात नेणार आहोत. महोत्सवाच्या दिवशी हा परदेशप्रवास कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर 'ज्युबिली' ह्या शब्दातच आहे.

हा शब्द ज्या हिब्रू शब्दावरून आला, तो आपल्या मराठी पवित्र शास्त्रात 'योबेल' असा येतो. लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात ह्या पन्नासाव्या वर्षाचा विधी सांगितला आहे. त्यात मेजवानी नाही, रोषणाई नाही. जमिनीस विसावा द्यावा, विकलेले वतन मूळ घराण्यास परत करावे, दासास मोकळे करावे, एवढेच आहे. आणि त्याचे कारण असे की, भूमी देवाची असून आपण तिच्यावर उपरे म्हणून राहतो. ही गोष्ट आम्ही पुण्याच्या सेमिनरीत शिकलो. परंतु तिचा अर्थ आमच्या ध्यानात आला तो जयंतिया डोंगरांत.

सेमिनरीत आमचे एक सहाध्यायी त्या मुलखाचे होते. त्यांच्या आग्रहास्तव काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात आम्ही तेथे गेलो. शिलाँगहून पूर्वेस सुमारे ६४ किलोमीटरांवर जोवाई हे त्या प्रदेशाचे मुख्य गाव. उत्तरेस आसाम, दक्षिणेस बांगलादेशाचा सपाट सखल मुलूख, पश्चिमेस खासी डोंगर. मेघालय राज्य सन १९७२ मध्ये झाले, त्याच वर्षी जयंतिया हिल्स हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्याचे क्षेत्रफळ ३,८१९ चौरस किलोमीटर, आणि २०११ च्या शिरगणतीत लोकसंख्या सुमारे ३ लक्ष ९५ हजार. सन २०१२ मध्ये त्याचे दोन भाग झाले. पश्चिम भागाचे ठाणे जोवाई, पूर्व भागाचे ख्लिहरियात. येथील लोक स्वतःस प्नार म्हणवितात. त्यांची भाषा खासी भाषेची सख्खी बहीण होय. आसामी वा बंगाली भाषेशी तिचे नाते नाही.

हे लोक रानटी होते व मिशनऱ्यांनी त्यांस माणसांत आणिले, अशी कल्पना कोणी बाळगीत असेल तर ती त्याने सोडून द्यावी. त्यांचे स्वतःचे राज्य होते. नार्तियांग येथे त्या राजांची उन्हाळी राजधानी होती, व तेथे शेकडो पाषाणस्तंभ आजही उभे आहेत. सर्वांत उंच स्तंभ सुमारे आठ मीटरांचा आहे. उभे दगड पुरुषांच्या नावाचे व आडवे दगड स्त्रियांच्या नावाचे मानितात. जवळच एक जुने दुर्गामंदिर आहे. तेथील पुजाऱ्यांच्या घराण्याचे आडनाव देशमुख! त्यांच्या पूर्वजांस जयंतिया राजाने महाराष्ट्रातून आणविले, अशी परंपरा तेथे सांगतात. इतक्या दूर आपल्या देशीचे आडनाव कानी पडले, तेव्हा आम्हांस किती नवल वाटले, हे काय सांगावे!

सन १८३५ मध्ये इंग्रजांनी हे राज्य खालसा केले. १८६० मध्ये घरपट्टी बसविली, त्यावर आणखी कर आले, आणि लोक उठले. त्यांचा पुढारी कियांग नांगबाह ह्यास ३० डिसेंबर १८६२ रोजी जोवाई येथे फाशी दिले. त्या झगड्याचे मर्म एका वाक्यात सांगावयाचे तर असे: ज्या घराखालची जमीन आमची, त्या घराचा कर परक्यास कशासाठी? स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या सहाव्या अनुसूचीने ह्या भावनेस मान दिला. तेथे स्वायत्त जिल्हा परिषद आहे, इलाख्याचा दोलोई आहे, गावचा मुखिया आहे. बहुतांश जमीन सरकारची नसून कुळांची, गावांची व लोकांची आहे.

जमीन जपण्याची त्यांची जुनी रीत तर फारच विचार करण्यासारखी आहे. कुळ आईचे चालते. मुले आईचे कुळनाव लावितात. पूर्वी नवरा रात्री बायकोच्या घरी जाई व दिवसा आपल्या आईच्या घरी राबे. वडिलोपार्जित घर सर्वांत धाकट्या मुलीकडे जाते. परंतु ती त्याची मालकीण असे समजू नये. म्हाताऱ्या आईबापांस सांभाळणे, निराधार भावंडांस आसरा देणे, कुळाचे विधी चालविणे, हे ओझे तिच्या शिरावर असते. आणि मामांच्या व कुळाच्या संमतीवाचून तिला ते घर विकता येत नाही. आमचे सहाध्यायी म्हणाले, “फादर, आमच्याकडे धाकटीला घर मिळत नाही; घराला धाकटी मिळते.” बंधूंनो, लेवीय पुस्तकाची एवढी सोपी टीका आम्ही कोणत्याही ग्रंथात वाचली नव्हती.

आता दुःखाची गोष्ट सांगावयाची आहे.

ह्या डोंगरांच्या पोटात कोळसा आहे. त्याचे थर पातळ. कोठे हातभर, कोठे फार तर पुरुषभर. त्यामुळे मोठ्या यंत्रांऐवजी तेथे निराळीच रीत पडली. शेदीडशे फूट वा त्याहून खोल चौकोनी विहीर खणावयाची, आणि तळाशी कोळशाच्या थरात चहूकडे उंदराच्या बिळासारखी भोके पाडीत जावयाचे. त्या बिळाची उंची तीनचार फूट. मजूर त्यात ओणव्याने वा आडवा पडून शिरतो, कपाळावरच्या विजेरीच्या उजेडात कुदळीने कोळसा फोडतो व हातगाडीवर लादून मागे ओढीत आणतो. वर माती ढासळली वा शेजारच्या जुन्या खाणीचे पाणी फुटले, तर परतीची वाट नाही.

कोळशाला भाव आला, तेव्हा जमिनीचा अर्थ बदलला. जी जमीन गावाची होती, तिच्यावर एकेकट्याची नावे लागू लागली. काही घराणी अतिशय श्रीमंत झाली. पुष्कळ भूमिहीन झाली. बिळांत उतरावयास आसाम, नेपाळ व बांगलादेश येथून गरीब माणसे आली, आणि त्यांत कोवळ्या वयाची मुलेही होती. ध्यानात घ्या, येथे कोणी परकी कंपनी आली नव्हती, कोणी राजा वा सरकार जमीन हिसकावीत नव्हते. ज्या हक्कासाठी कियांग नांगबाह फासावर गेला, त्याच हक्काच्या बळावर हे सर्व झाले.

नद्यांचे काय झाले तेही ऐका. ह्या कोळशात गंधक फार आहे. उघड्या पडलेल्या थरास हवा व पाणी लागले की गंधकाचे आम्ल होते, आणि पावसाबरोबर ते ओढ्यांत उतरते. दगड तांबूस होतात, मासे मरतात, भातशेती बिघडते. सुमारे २००७ सालापासून पूर्व भागातील लुखा नदी हिवाळ्यात गडद निळी होऊ लागली. आम्ही ती सोनापूरनजीक पाहिली. प्रथमदर्शनी रंग इतका सुंदर की आमच्या तोंडून आनंदाचा उद्गार निघाला. आमचे सहाध्यायी मात्र गप्प होते. मग म्हणाले, “लहानपणी येथे आम्ही मासे धरीत होतो.” खाणींचे आम्लपाणी हे ह्या निळाईचे एक प्रमुख कारण मानले जाते. आणि त्याच मुलखाच्या पश्चिम सीमेवर, डावकीजवळ, उमंगोट नदीचे पाणी हिवाळ्यात इतके निर्मळ असते की होडी अधांतरी तरंगते आहे असा भास व्हावा! दोन्ही नद्या एकाच लोकांच्या सांभाळात होत्या.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१४ मध्ये ह्या बिळांच्या खाणींस बंदी केली. तरी १३ डिसेंबर २०१८ रोजी पूर्व जयंतिया हिल्समधील क्सान येथे एका बेकायदा खाणीत पाणी घुसले व १५ मजूर आत अडकले. खाण साडेतीनशे फुटांहून खोल. नौदलाचे पाणबुडे आले, पंप आले, आठवड्यांमागून आठवडे गेले. हाती आले दोनच देह. बाकीच्यांची समाधी तीच झाली. त्यांतील बहुतेक पोटासाठी दुसऱ्या मुलखातून आलेले होते. त्या आगमनकाळात आपण येथे गोठे सजवीत होतो, हे आठवून आजही आमचे मन खिन्न होते. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये निकाल दिला, तो असा की जमीन व तिच्या पोटातील खनिज लोकांचेच आहे. परंतु ते काढावयाचे तर देशाचा खाणकायदा पाळूनच काढावे लागेल. म्हणजे धनीपण न्यायालयाने मान्य केले, आणि धनीपणाने सर्व काही करण्याची मोकळीक मिळत नाही, हेही सांगितले.

येथे न्यायाधीशाच्या आसनावर बसण्याचा मोह आम्ही आवरला पाहिजे. बंदी आली तेव्हा श्रीमंत खाणवाल्यांचे थोडके बिघडले. ट्रकचालक, हमाल, खानावळवाली बाई, हप्ते फेडणारा तरुण ह्यांचे फार बिघडले. आमच्या सहाध्याय्यांस आम्ही जरा कठोरपणे विचारले, “तुम्ही देवळात ह्याविरुद्ध बोलत होता काय?” ते काही वेळाने म्हणाले, “फादर, आमच्या देवळाच्या छपरात कोळशाचा पैसा आहे. शाळेच्या भिंतीत आहे. कोळशावर बोलावयास उभा राहिलो की आधी छपराकडे पाहत असे.”

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. कारण आम्हांस आपले हे देऊळ आठवले. आपल्या वसईच्या वाड्या, रहाटाच्या विहिरी, केळी व पानवेली ह्यांचे आम्ही सणासुदीस गोडवे गातो. हरित वसईसाठी मोर्चे काढणारी पिढी अद्याप आपल्यात आहे. तरीही वाड्या विकल्या गेल्या; विकणारे आपणच. विहिरी खारट झाल्या. टँकर भरून गोडे पाणी विकणाऱ्यांतही आपली माणसे होती. आणि विकलेल्या वाड्यांच्या पैशांतून ह्या देवळास ज्या देणग्या आल्या, त्या आम्ही धन्यवादपूर्वक स्वीकारिल्या व दात्यांची नावे संगमरवरावर कोरविली. हे आम्ही कोणास लाजविण्यासाठी बोलत नाही. दोष वाटून घ्यावयाचा तर पहिला वाटा आमचा.

परंतु जयंतिया डोंगरांतून आम्ही केवळ दुःख घेऊन आलो नाही. पश्चिम भागात लाकाडोंग नावाची हळद पिकते. सामान्य हळदीत जो पिवळा गुणकारी अंश दोनतीन टक्के, तो हिच्यात सात टक्क्यांच्या आसपास. ट्रिनिटी साइऊ ह्या प्नार शिक्षिकेने गावोगावच्या बायांना एकत्र करून ह्या हळदीची लागवड वाढविली. सन २०२० मध्ये त्यांस पद्मश्री मिळाली, व २०२४ मध्ये हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या सांगलीच्या हळदीस तो मान २०१८ मध्ये मिळाला होता. म्हणजे आता दोन्ही हळदी मानाने बहिणी झाल्या! कोळशाएवढा पैसा हळदीत नाही, हे खरे. पण हळदीचे शेत पुढच्या वर्षीही शेतच राहते, आणि त्याच्या पाटात मासे मरत नाहीत.

त्या लोकांत आज प्रेस्बिटेरियन ख्रिस्ती आहेत, कॅथोलिक आहेत, आणि आपला जुना नियामत्रे धर्म निष्ठेने पाळणारेही पुष्कळ आहेत. वेल्श मिशनरी खासी डोंगरांत १८४१ मध्ये आले. कॅथोलिक धर्मगुरू शिलाँगला १८९० मध्ये पोहोचले. जोवाईचे धर्मप्रांत २००६ मध्ये स्थापन झाले. जुन्या धर्माचा मोठा सण बेहदेनख्लाम दर जुलैत जोवाईस होतो. तरुण मंडळी घरोघरी जाऊन छपरावर बांबूने ठोकतात व रोगराईस हाकलून देतात. आमचे सहाध्यायी हसून म्हणाले, “ही नवी रोगराई बांबूला भीत नाही. ती आमच्या घरात पाहुणी म्हणून आली, आम्हीच पाट मांडून बसविली.”

बंधुभगिनींनो, कायद्याने जमीन आपली असणे ही मोठी गोष्ट आहे. तिच्यासाठी माणसे फासावर गेली. पण तेवढ्याने जमीन राहत नाही. जेथे माणूस स्वतःस केवळ धनी समजतो, तेथे तो शेवटी तिला विकतो वा पोखरतो. जेथे राखणदार समजतो, तेथे ती नातवंडांपर्यंत पोहोचते. योबेल वर्षाचा अर्थ तो हाच, आणि जयंतियांच्या धाकट्या मुलीचे व्रतही हेच.

म्हणून मंडळास आमची एक विनंती आहे. देवळामागची जी अर्धा एकर जागा आहे, तिच्यावर महोत्सवी सभागृह बांधण्याचा ठराव झाला आहे. त्या ठरावावर सही आमचीही आहे. ती सही आम्ही आज परत मागत आहोत. त्या जागेतील जुनी विहीर उपसावी, बावखल पुन्हा खणावे, झाडे लावावीत, आणि पाऊस मुरू द्यावा. ज्यांनी सभागृहासाठी देणगी दिली त्यांची आम्ही घरी येऊन क्षमा मागू, व ज्यांस ती परत हवी त्यांस परत देऊ. पन्नास वर्षे ह्या मंदिरात आपण देवाकडे पुष्कळ मागितले. एकावन्नाव्या वर्षी त्याची अर्धा एकर भूमी त्यास विसाव्यासाठी परत देऊ या.

मंडळाने काय ते ठरवावे. ठरेल ते आम्हांस मान्य राहील. मात्र बोलल्यावाचून राहणे आता आम्हांस शक्य नव्हते. आपल्या सर्वांवर परमेश्वराचा आशीर्वाद असो.