गच्चीवरच्या तारेचा हिशेब

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या आवारात झालेल्या कार्यक्रमातील भाषण. छापण्यासाठी थोडे नीटनेटके केले आहे.)



कार्यक्रम समितीने मला वीस मिनिटं दिली आहेत. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाने दिलेली मर्यादा ओलांडू नये, म्हणून थेट विषयाला हात घालतो. आपल्या गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळच्या खांबापासून दोन्ही बाजूंच्या कठड्यांकडे एक तांब्याची तार उतरत गेली आहे. कोणी म्हणतं ती केबलवाल्याची. कोणी तिला कपड्यांची दोरी समजून ओली चादर टाकून जातं. नव्या भाडेकरूंनी तर विचारलं होतं, की ही विजेची चोरी तर नाही ना! तर मंडळी, ती तार म्हणजे माझ्या हौशी रेडिओ केंद्राची अँटेना. सोसायटीच्या लेखी परवानगीने आणि सरकारी परवान्याने ती तिथे आहे.

आज हे सांगायचं कारण असं, की आपल्याकडे आता पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली आहेत. नकाशात पार्किंग, लिफ्ट, सोलर, जिम सगळं येईल. त्यात या तारेलाही जागा असावी असं मला वाटतं. ती का, हे पटवून द्यायला मला आधी तिचा हिशेब मांडावा लागेल.

हौशी रेडिओ, म्हणजे ज्याला हॅम रेडिओ म्हणतात, तो काही नवा छंद नाही. भारतात १९२१ साली अमरेंद्रचंद्र गुप्तू यांनी त्याची सुरुवात केली. केंद्र सरकारच्या दळणवळण मंत्रालयाकडून यासाठी परीक्षा घेतली जाते, पोलीस पडताळणी होते आणि मग परवाना व स्वतःचं सांकेतिक नाव मिळतं. आपल्याकडची बरीचशी नावं ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होतात. वयाची बारा वर्षं पूर्ण झालेला मुलगा किंवा मुलगी परीक्षेला बसू शकते. या रेडिओवरून व्यापार करायचा नाही, गाणी वाजवायची नाहीत. बोलायचं, शिकायचं, प्रयोग करायचे आणि वेळ आली तर मदत करायची.

लोकांना वाटतं, महागडा संच घेतला की झालं. पण हौशी रेडिओत संच हा फार तर निम्मा भाग. खरं काम करते ती अँटेना, आणि अँटेनापासून घरापर्यंत येणारी केबल. आपल्या पिढीला हे समजायला जड जाऊ नये. आठवा, लहानपणी चाळीत दोन खिळ्यांच्या मधे तांब्याच्या जाळीची एरियल ताणलेली असायची. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढे डोंबिवलीच्या प्रत्येक छतावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेने उगवले, सगळ्यांची तोंडं वरळीच्या मनोऱ्याकडे. एक जण गच्चीवर, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर, आणि “आलं का?” “आलं होतं, गेलं!” हा संवाद रविवारच्या सिनेमाआधी घराघरांत व्हायचा. टीव्ही तोच, पण अँटेना जरा फिरली की चित्र बदलायचं.

आता आकडे सांगतो. घाबरू नका, व्याजाच्या गणितापेक्षा सोपे आहेत. ३०० ला मेगाहर्ट्झने भागलं की लाटेची लांबी मीटरमध्ये मिळते. ७.१ मेगाहर्ट्झला ती साधारण ४२ मीटर येते. सर्वांत साधी अँटेना, म्हणजे डायपोल, याच्या जवळजवळ निम्म्या लांबीची असते. तारेसाठी आम्ही ३०० च्या निम्मे १५० न घेता १४३ घेतो, कारण तारेवर ती लांबी थोडी कमी भरते. १४३ भागिले ७.१ म्हणजे सुमारे २० मीटर. मधोमध कापायची, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, आणि मधल्या तुकड्यांना केबल जोडायची. झाली अँटेना! १४.२ मेगाहर्ट्झसाठी हीच लांबी निम्मी, दहा मीटर. आणि १४५ मेगाहर्ट्झसाठी जेमतेम एक मीटर. ती तर बाल्कनीच्या कोपऱ्यातही मावते.

आपली गच्ची वीस मीटर सरळ तार ताणण्याइतकी लांब नाही. म्हणून मी मधला भाग खांबावर उंच ठेवला आणि दोन्ही हात तिरके खाली आणले. याला उलटा व्ही म्हणतात. खांब एकच लागतो आणि जागा कमी पुरते. मात्र दोन्ही हातांमधला कोन काटकोनापेक्षा लहान करू नये. तार कापताना थोडी लांबच कापावी आणि मापून मापून कमी करावी. जास्त झाली तर कापता येते, कमी झाली तर सांधत बसावं लागतं. शिंप्याकडे गेलेल्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे.

आता केबल. ही लोकांच्या लक्षातच येत नाही. आपल्या गच्चीवरच्या टाकीत पाणी भरपूर आहे, पण खाली येणारा पाइप गळका किंवा अरुंद असेल तर तळमजल्यावर धार किती येणार? केबलचंही तसंच. माझ्या खांबापासून डक्टमधून घरापर्यंत तीस मीटर केबल लागते. आरजी-५८ नावाची पातळ केबल स्वस्त आणि वाकवायला सोपी. पण १४५ मेगाहर्ट्झला संचातून १० वॉट सोडले, तर तीस मीटरनंतर अँटेनापर्यंत अडीच वॉटच्या आसपास पोचतात. साडेसात वॉट केबल गरम करण्यात गेले! आरजी-२१३ ही जाड केबल वापरली तर निम्म्याहून थोडे जास्त पोचतात. हा वाटेत कापलेला टीडीएस कुठलाही फॉर्म भरून परत मिळत नाही. शिवाय तो दोनदा कापला जातो, बोलतानाही आणि ऐकतानाही.

मात्र ७ मेगाहर्ट्झला गळती बरीच कमी. तिथे पातळ केबलमधूनही पाऊण भाग पोचतो आणि जाड केबलमधून दहातले जवळजवळ नऊ. म्हणून नवशिक्याला मी सांगतो, आधी कुठल्या लाटेवर बोलायचं ते ठरव, केबल किती मीटर लागेल ते दोरीने मोज, आणि मगच दुकानात जा. संचात शंभर वॉट वाढवण्यापेक्षा केबल दहा मीटरने आखूड करणं पुष्कळदा स्वस्त पडतं.

दुसरी गोष्ट जुळणीची. आमचे संच आणि केबल ५० ओहमच्या मापाचे असतात. टीव्हीची केबल ७५ ओहमची. अँटेनाचं माप केबलशी जुळलं नाही तर पाठवलेल्या शक्तीतला काही भाग भिंतीवर आपटलेल्या चेंडूसारखा परत येतो. हे एका छोट्या मीटरवर दिसतं. त्याला एसडब्ल्यूआर म्हणतात. एकास एक म्हणजे उत्तम. दोनास एक असेल तर सुमारे ११ टक्के परत येतात, ते चालतं. तीनास एक झालं की २५ टक्के परत, मग गच्चीवर जायचं आणि तार तपासायची.

आणि आपल्याकडे तपासायची वेळ येते ती जून ते सप्टेंबर. आपला पाऊस केबलचा मोठा शत्रू. जोडात पाणी शिरलं की आतली तांब्याची जाळी काळी पडते आणि बाहेरून केबल मात्र नवी कोरी दिसते. म्हणून जोडावर ताणून गुंडाळायची रबरी टेप लावायची, त्यावर साधी टेप. केबल खिडकीतून आत घेण्याआधी तिला खाली एक झोळ द्यायचा, म्हणजे ओघळणारं पाणी तिथून टपकून जातं, घरात येत नाही. हा झोळ टीव्हीच्या आणि इंटरनेटच्या केबललाही द्या. तुमच्या भिंतीची ओल निम्मी कमी होईल.

आता सभासदांच्या शंका. पहिली, वॉटरप्रूफिंगची. गच्चीच्या लादीत मी एकही भोक पाडलेलं नाही. खांब सिमेंट भरलेल्या पत्र्याच्या डब्यात उभा आहे आणि तो टाकीच्या चौथऱ्याला पट्ट्यांनी आवळला आहे. दुसरी शंका विजेची. अँटेना वीज पडण्यापासून वाचवत नाही आणि ते काम तिला सांगूही नये. त्यासाठी इमारतीचा वीजरोधक वेगळा आणि नीट अर्थ केलेला हवा. माझ्या केबलच्या बाहेरच्या आवरणाला अर्थिंग आहे, आणि मे-जूनच्या वळवाला किंवा ऑक्टोबरच्या गडगडाटाला सुरुवात होण्याआधीच मी केबल संचापासून सोडवून ठेवतो. तिसरी शंका, “याने कॅन्सर होतो का?” ही लाट क्ष-किरणांच्या जातीची नाही. पण बोलणं चालू असताना तारेला हात लागला तर चटका बसू शकतो, विशेषतः टोकांना. म्हणून दोन्ही टोकं हात पुरणार नाही अशा उंचीवर आहेत. तेव्हा कृपया चादर टाकू नका! चौथी शंका टीव्हीवर येणाऱ्या खरखरीची. अँटेनाच्या तोंडाशी केबलचेच काही वेढे गुंडाळून ठेवले आहेत, त्याने केबलच्या बाहेरून खाली येणारा उपद्रव थांबतो. तरीही कोणाला त्रास झाला तर बेल वाजवा, शोधून दुरुस्त करणं ही माझी जबाबदारी.

हे सगळं कशासाठी? मुलं मला विचारतात, आजोबा, व्हॉट्सॲप असताना हे कशाला? त्यांना मी २६ जुलै २००५ सांगतो. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. लोकल बंद, वीज बंद, मोबाइल मुके. इकडे उल्हास नदीने कल्याण-बदलापूरच्या सखल भागात पाणी घातलं. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी त्या रात्री एकच प्रश्न होता, माणूस आहे कुठे? पाऊस सोसला, पण ती न कळण्याची रात्र सोसवत नव्हती. पुढे २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. म्हणजे हे एकदाच घडलं असं नाही.

अशा वेळी रेडिओला ना टॉवर लागतो, ना एक्स्चेंज. इन्व्हर्टरची बारा व्होल्टची बॅटरी, संच, केबल आणि तार, एवढं पुरतं. १४५ मेगाहर्ट्झची लाट सरळ रेषेत जाते. आपल्या आणि ठाण्याच्या मधे पारसिकचा डोंगर आहे, बोगद्यात लोकल शिरली की फोनचं काय व्हायचं ते आपण पूर्वी रोज बघायचो. तिथे उंची कामाला येते. पण ७ मेगाहर्ट्झची लाट वर आकाशात जाते आणि वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून परत खाली येते. तिला डोंगर आडवा येत नाही. दिवसा या तारेवरून पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी असं बोलणं होतं. १९९३ च्या किल्लारी भूकंपात आणि २००१ च्या भूजच्या भूकंपात हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद या रेडिओच्याच मोहिमेवर पोर्ट ब्लेअरला होत्या. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंदमानमधून बाहेरच्या जगाला निरोप दिले.

आणखी एक आठवण या ४२ मीटरची. १९४२ च्या ऑगस्टमध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतून गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला, तोही साधारण ४२ मीटरच्याच लाटेवर. नोव्हेंबरमध्ये पकडले जाईपर्यंत ते जागा बदलत राहिले. जागा बदलली की तार पुन्हा बांधणं आलंच. त्यांनी जिवावर उदार होऊन बांधली. आपल्याला फक्त एक ना हरकत दाखला लागतो.

आता माझी मागणी, आणि ती खर्चाची नाही. पुनर्विकासाच्या नकाशात तीन गोष्टी घालून घ्याव्यात. गच्चीपासून प्रत्येक मजल्यापर्यंत दोन इंची एक रिकामी नळी, विजेच्या तारांपासून वेगळी. गच्चीवर खांब बसवायला कठड्यात दोन लोखंडी चौकटी, वॉटरप्रूफिंगच्या आधीच बसवलेल्या. आणि खांबाजवळ अर्थिंगची एक पट्टी. बांधकाम चालू असताना याला जो खर्च येईल तो किरकोळ. नंतर करायचं तर भिंत फोडा, डक्टमध्ये माणूस सोडा, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची बोलणी खा.

मी आता पंचाहत्तरीला टेकलोय. गच्चीचा जिना अजून चढतो, पण खांबावर चढायचं काम गेल्या पावसाळ्यापासून बी विंगमधली दोन मुलं करतात. त्यातली एक नववीतली मुलगी आहे. दोघंही परीक्षेची तयारी करतायत. उद्या मी नसेन तेव्हा कोणीतरी “काकांची ती जुनी तार” म्हणून ती उतरवून भंगारात देईल, ही मला खरी काळजी आहे. तांब्याला भाव बरा येतो. म्हणून आज सगळ्यांसमोर सांगून ठेवतो, ती तार आता माझी नाही. संच, मीटर, उरलेली केबल, सगळं परवाना मिळाल्यावर त्या दोघांच्या नावे. तसं पत्र मी सचिवांकडे दिलं आहे. सोसायटीने फक्त जागा राखावी.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता गच्चीवर या. ज्यांना बघायचंय त्यांना दाखवतो, ज्यांना बोलायचंय त्यांच्यासाठी पलीकडे कोणी ना कोणी असतंच. माझी वीस मिनिटं संपली.