शाळेचा पैसा कुठल्या रकान्यात लिहायचा?



बचत गटाच्या कर्जाच्या अर्जात एक ओळ असते : कर्ज कशासाठी हवं? तिथे म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन, बी-बियाणं असं काही लिहिलं की आपण सगळ्या लगेच माना डोलावतो. हे उत्पादक कर्ज. पण मुलीच्या अकरावीची फी, नर्सिंगचा कोर्स, लेकराचं आजारपण असं लिहिलं की कुजबुज सुरू होते. हा तर घरखर्च, यातून पैसा कसा उभा राहणार? ही वाटणी बरोबर आहे का, हे आज आपण बघणार आहोत. त्यासाठी एका अर्थतज्ज्ञाची ओळख करून घेऊ. त्यांचं नाव थिओडोर शुल्ट्झ.

शुल्ट्झ अमेरिकेतले. १९०२ साली साउथ डकोटा राज्यात एका शेतकऱ्याच्या घरी जन्मले. आठवीत त्यांची शाळा सुटली. थोरला मुलगा फार शिकला तर शेतावर राहायचा नाही, असं वडिलांना वाटलं. आपल्याकडे आजही असं म्हणणारे आहेतच की! पुढे १९२१ साली ते कृषी महाविद्यालयातल्या हिवाळ्यातल्या चार महिन्यांच्या वर्गाला जाऊ लागले, आणि १९३० साली डॉक्टरेट घेऊन बाहेर पडले. १९७९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं. आयुष्यभर त्यांचा प्रश्न एकच होता : कष्ट करूनही शेतकरी गरीब का राहतो?

त्या काळी शहाणे लोक याचं उत्तर सोपं करून सांगायचे. म्हणायचे, गरीब शेतकरी अडाणी, आळशी, जुन्याला चिकटून बसणारा. शुल्ट्झना हे पटेना. १९६४ साली त्यांनी पारंपरिक शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात दोन गावांचा अभ्यास पुढे ठेवला. एक गाव ग्वाटेमाला देशातलं पानाहाचेल. दुसरं आपल्याच देशातलं, उत्तर प्रदेशातलं सेनापूर. तिथे डेव्हिड हॉपर नावाच्या अभ्यासकाने राहून शेतीचा बारीक हिशेब मांडला होता. त्यावरून शुल्ट्झनी सांगितलं की हाताशी असलेली जमीन, बैल, पाणी, बी आणि माणसं यांतून जेवढं काढता येईल तेवढं हे शेतकरी काढतातच. ते गरीब आहेत, पण हिशेबात कच्चे नाहीत. तुटपुंज्या पगारात महिना भागवणारी बाई जशी हिशेबात कच्ची नसते, तसंच हे.

आणखी एक समज होता. गरीब देशांत शेतावर गरजेपेक्षा जास्त माणसं आहेत, त्यातली काही उचलली तरी पीक तेवढंच येईल, असा. हा समज खोडायला शुल्ट्झनी आपल्या देशातलं उदाहरण घेतलं. १९१८-१९ साली इन्फ्लुएंझाची साथ आली. मुंबई इलाखा आणि मध्य प्रांताला तिचा फार मोठा फटका बसला. साथीनंतर पेरणीचं क्षेत्र घटलं, असं त्यांनी आकड्यांवरून दाखवलं. म्हणजे गेलेले ते हात फालतू नव्हते. त्यांच्या या हिशेबावर अमर्त्य सेन यांनी आक्षेप घेतला आणि दोघांत वाद झाला. तो वाद पंडितांचा. आपल्याला मात्र ठाऊक आहे, खुरपणीच्या दिवसांत एक बाई आजारी पडली तरी रान अडतं.

मग अडतं कुठे? शुल्ट्झ म्हणाले, जुन्याच साधनांवर कितीही घाम गाळला तरी फार पुढे जाता येत नाही. नवं बी, नवी माहिती शेतकऱ्यापर्यंत पोचली पाहिजे, ती वापरण्याचं ज्ञान त्याच्याकडे पाहिजे आणि मालाला भाव मिळाला पाहिजे. शहरात धान्य स्वस्त मिळावं म्हणून शेतमालाचे भाव दाबणाऱ्या सरकारांवर त्यांनी स्पष्ट टीका केली. १९६०च्या दशकात मेक्सिकोचं बुटकं गव्हाचं बियाणं पंजाबात आलं, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी ते बघता बघता उचललं. फायदा दिसला की शेतकरी बदलतो. पण नवं आलं की वाचावं लागतं, मोजावं लागतं, विचारावं लागतं. औषध किती पाण्यात किती मिसळायचं, हे डब्यावर लिहिलेलं असतं. ते वाचता आलं नाही तर दुकानदार सांगेल तेच खरं. शुल्ट्झचं म्हणणं होतं की जिथे सगळं वर्षानुवर्षं तसंच चालतं तिथे शिक्षणाचा उपयोग कमी दिसतो, आणि जिथे दिवस बदलतात तिथे तो लगेच दिसतो. आता पाऊसही बदललाय आणि बाजारही.

१९६० साली अमेरिकेतल्या अर्थतज्ज्ञांच्या संघटनेपुढे अध्यक्ष म्हणून बोलताना शुल्ट्झनी आपली मुख्य गोष्ट मांडली. शिक्षण, आरोग्य, कौशल्य यांवरचा पैसा हा निव्वळ खर्च नाही, ती गुंतवणूक आहे. याला त्यांनी मानवी भांडवल म्हटलं. माणसाला भांडवल म्हणायचं म्हणजे गुलामासारखी त्याची किंमत करायची का, असं काहींना वाटे. त्यावर ते म्हणत, माणूस स्वतःमध्ये गुंतवणूक करतो तेव्हा त्याच्यापुढचे मार्ग वाढतात, म्हणजे त्याचं स्वातंत्र्यच वाढतं.

त्यांना ही गोष्ट सुचली ती एका म्हाताऱ्या जोडप्यामुळे, असं सांगतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अलाबामा राज्यात हे जोडपं त्यांना भेटलं. शेत झिजलेलं, घरात गरिबी, तरी दोघं समाधानी. शुल्ट्झनी कारण विचारलं. ते म्हणाले, आम्ही गरीब नाहीच. आमचं शेत आम्ही चार मुलांच्या कॉलेजात घातलं, ती मुलं आता कर्ती होतील.

आता आपल्या रजिस्टरकडे वळू. शुल्ट्झनी शिक्षणाच्या खर्चात एक गोष्ट धरली, जी आपण धरत नाही. फी आणि वह्या-पुस्तकं तर झालीच, पण मूल शाळेत बसतं तेव्हा त्याची मजुरीही बुडते. अमेरिकेत हायस्कूल आणि कॉलेजच्या एकूण खर्चात ही बुडालेली कमाई निम्म्याहून जास्त निघाली. शाळा फुकट असूनही कापूस वेचणीच्या दिवसांत पोरींचे बाक रिकामे का पडतात, याचं उत्तर इथे आहे. गरिबाला शाळा फुकट पडत नाही. पोरीची मजुरी जाते, किंवा धाकट्या भावंडाला सांभाळायला कुणी उरत नाही. म्हणून गटाने फीसाठी पैसे दिले तरी काम अर्धंच होतं. वेचणीच्या दिवसांत लहान मुलं पाळीपाळीने एका घरी सांभाळली, तर थोरली बहीण शाळेत जाईल. याला एक रुपया लागत नाही.

दुसरी अडचणही खरी आहे. म्हैस दुसऱ्या महिन्यापासून दूध देते आणि हप्ता निघतो. शिक्षणाचं फळ चार-पाच वर्षांनी दिसतं, आणि शिकूनही नोकरी मिळेलच याची हमी कुणी देत नाही. म्हणून म्हशीचे नियम शिक्षणाला लावू नका. शिक्षणासाठी वेगळा रकाना करा. मुदत लांब ठेवा, सुरुवातीचे हप्ते लहान ठेवा. रक्कम एवढीच असू द्या की कोर्स अर्धवट सुटला तरी घर बुडणार नाही. कोर्स घेण्याआधी तो मान्यताप्राप्त आहे का, शिकून गेलेल्या मुली आज काय करतात, हे दोघीतिघींनी जाऊन विचारा. म्हैस घेताना दात बघतो, धार काढून बघतो, तसंच हे.

आणि कुणी म्हणेल, मुलगी तर परक्याच्या घरी जाणार. जाऊ द्या. शिकलेल्या आईची लेकरं जास्त जगतात, हे जगभर दिसलंय. तिच्या घरात जन्मणारी लेकरं आपलीच नातवंडं असतात. आणि उद्या त्या घरात तिच्यावर कठीण वेळ आली, तर दागिने काढून घेता येतात, शिक्षण कुणाला काढून घेता येत नाही.

येत्या बैठकीत गेल्या वर्षीची कर्जं वाचून काढा. घरखर्च म्हणून लिहिलेल्यांतली किती खरं तर गुंतवणूक होती, ते मोजा. वेगळ्या रकान्याचा ठराव करा आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा.