बियाणं बाटलं म्हणून नाही

(युवक शिबिरातील भाषण)



मघाशी दारात एक पत्रक वाटत होते. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या खिशात ते असेल. त्यात लिहिलंय, जीएम अन्न म्हणजे बाटलेलं अन्न. वांग्यात जिवाणूचा जीन घातला, निसर्गाची मर्यादा मोडली, संकर झाला. तेव्हा चला, शुद्ध देशी बियाण्याकडे परत चला.

मी गोदीत माल उतरवणारा माणूस. मॅट्रिकपर्यंत शिकलो. जीन म्हणजे काय हे मला वाचून, दहा जणांना विचारून कळलं. पण 'बाटणे' हा शब्द मला कुणी शिकवायची गरज नाही. 1927 साली आपल्या लोकांनी महाडच्या चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, तर तळं बाटलं म्हणून सवर्णांनी त्यात शेण-गोमूत्र ओतून ते शुद्ध करून घेतलं. आज तीच भीती वांग्याच्या नावानं कुणाला वाटत असेल तर त्याची त्याला लखलाभ. जिवाणूचा जीन वांग्यात गेला म्हणून माझ्या अंगावर काटा येत नाही. जीनला जात नसते. तो वांग्यात बसून कसलं प्रथिन तयार करतो आणि ते प्रथिन माझ्या पोटात गेल्यावर काय करतं, एवढंच मला विचारायचंय.

आणि हे विचारण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या एका बियाणे कंपनीला जनावरांच्या खाद्यासाठी सोयाबीन जास्त कसदार करायचं होतं. तिनं त्यात ब्राझील नट नावाच्या कवचफळाचा जीन घातला. आता हे फळ काही लोकांना सोसत नाही. ओठ सुजतात, श्वास कोंडतो, माणूस मरूसुद्धा शकतो. नेब्रास्का विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा लोकांचं रक्त घेऊन ते नवं सोयाबीन तपासलं, तर जीनबरोबर ॲलर्जीही सोयाबीनमध्ये उतरलेली. 1996 साली हे छापून आलं. कंपनीनं ते बियाणं बाजारात आणलं नाही. म्हणजे धोका नुसता बागुलबुवा नव्हता, आणि तपासलं तर तो सापडतो हेही खरं.

पुढची गोष्ट स्टारलिंक मक्याची. 1998 मध्ये अमेरिकन सरकारनं हा मका फक्त जनावरांना घालायला परवानगी दिली. कारण त्यातलं प्रथिन पोटात लवकर पचत नव्हतं, ॲलर्जीची शंका होती. 2000 सालच्या सप्टेंबरात तोच मका माणसांच्या खाण्यातल्या टॅको नावाच्या पुऱ्यांत सापडला. दुकानादुकानांतून माल परत मागवावा लागला. त्रास झाल्याची तक्रार करणाऱ्या 17 जणांचं रक्त सरकारनं तपासलं, त्यात या प्रथिनाच्या ॲलर्जीचा पुरावा मिळाला नाही. हेही सांगितलं पाहिजे, लपवायचं नाही. पण जनावराचा मका माणसाच्या ताटात आला कसा? शिकल्यासवरल्या लोकांना याचं मोठं नवल वाटलं. मला नाही वाटलं. आमच्याकडं एकाच शेडमध्ये आज वाटाणा, उद्या खत. मधे झाडू फिरवला की झाली सफाई. कागदावर 'फक्त जनावरांसाठी' असा शिक्का मारणारा माणूस गोदामात कधी उतरलेला नसतो.

2002 साली याच अमेरिकेतून मदत म्हणून मका-सोयाचं पीठ आपल्याकडं यायचं होतं. कुणासाठी? अंगणवाडीतल्या पोरांसाठी. दिल्लीत जी.ई.ए.सी. म्हणून समिती आहे, जीएमची परवानगी तीच देते. तिनं विचारलं, यात स्टारलिंक नाही अशी हमी द्या. हमी मिळाली नाही, पीठ अडलं. एकदा तरी कुणी विचारलं! माझी आजी बहात्तरच्या दुष्काळात रेशनचा लाल मिलो खाऊन जगली. ती सांगायची, भाकरी थापली की चिरायची, आणि कुठून आला, कसला आहे असं विचारायची सोय नव्हती. भुकेल्या माणसानं विचारायचं नसतं, हा सगळ्यांनी धरलेला समज आहे.

आता आपलं वांगं. जालन्याच्या महिकोनं बीटी वांगं तयार केलं. शेंडा आणि फळ पोखरणारी अळी त्यानं मरते. ऑक्टोबर 2009 मध्ये जी.ई.ए.सी.नं त्याला हिरवा कंदील दाखवला. मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या, त्यात नागपूरही होतं. 9 फेब्रुवारी 2010 ला स्थगिती आली. मला यातली एकच गोष्ट सांगायचीय. उंदरांना 90 दिवस हे वांगं खायला घालून तपासणी झाली होती. पैसा कंपनीचा. कागद कंपनीचे. ते कागद लोकांना दाखवा म्हणून माहितीच्या अधिकारात भांडावं लागलं. बरं, कंपन्याच तेवढ्या अशा म्हणाल, तर दिल्ली विद्यापीठातली जीएम मोहरी घ्या, ती सरकारी पैशातली. 2016 साली तिच्या तपासणीचा सारांश वेबसाइटवर टाकला, इंग्रजीत. पूर्ण कागद बघायचे तर वेळ घेऊन दिल्लीला, मंत्रालयात जा! कुठला हमाल पाळी बुडवून जाणार? 2022 मध्ये समितीनं त्या मोहरीला मंजुरी दिली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, 23 जुलै 2024 ला दोन न्यायाधीशांची मतं दोन दिशांना गेली.

तुम्ही म्हणाल, आपण कुठं खातो हे? खातो. देशातला 90 टक्क्यांहून जास्त कापूस बीटी आहे. त्याच्या सरकीचं तेल निघतं, पेंड म्हशीला जाते. वडे, भजी, फरसाण कशात तळलंय हे गाडीवाल्याला तरी कुठं ठाऊक असतं? आता लगेच पोटावर हात ठेवू नका. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिन जवळजवळ राहत नाही. 2016 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनं शेकडो अभ्यास चाळले. बाजारात आलेल्या जीएम पिकांपासून तयार झालेलं अन्न साध्या अन्नापेक्षा जास्त अपायकारक असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. त्यांनी हेही म्हटलं की नव्या पिकात नव्या गुणांमुळे धोका संभवत असेल तर ते तपासा. ते पत्रक वाटणारे हे सांगत नाहीत. जे सापडलं नाही ते सापडलं म्हणून लोकांना घाबरवायचं, हा भटजीचा धंदा आहे. आपण तो करू नये.

मग माणसं मेली ती कुठं? 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून जास्त माणसं गेली. शेकडो दवाखान्यात. त्यांत शेतमजूर किती तरी. पीक कुठलं? बीटी कापूस. फवारणी कमी लागेल म्हणून 2002 पासून विकलेला. बोंडअळी बीटीला सरावली, रस शोषणाऱ्या किडींवर बीटीचा इलाज मुळातच नव्हता, आणि डोक्याएवढ्या पिकात अनवाणी, उघड्या तोंडानं औषध मारणारा मजूर पडला. जीननं कुणी मेलं नाही. पण त्या बियाण्याच्या हिशेबात या माणसाचं तोंड कुणी धरलंच नव्हतं.

आता माझ्या धंद्याचं सांगतो आणि थांबतो. स्पेनमध्ये बार्सिलोना बंदर आहे. 1981 ते 1987 या वर्षांत त्या शहरात 26 वेळा अचानक दम्याची साथ आली. एका दिवसात माणसांची रांग दवाखान्याला लागायची, दुसऱ्या दिवशी काही नाही. शेवटी डॉक्टरांनी बंदराच्या वह्या काढल्या. ज्या दिवशी सोयाबीनचं जहाज उतरायचं त्याच दिवशी साथ. कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती. गाळण्या बसवल्या, साथ बंद. तेव्हा जीएम सोयाबीन जगात विकायला आलेलंही नव्हतं. साधं, शुद्ध, तुमच्या पत्रकातलं सोयाबीन.

ऑगस्ट 2021 मध्ये केंद्र सरकारनं 12 लाख टन जीएम सोयापेंड आणायला परवानगी दिली, कोंबडीखाद्य महागलं म्हणून. परवानगीत न्हावाशेवा बंदराचं नाव होतं. पेंडीत जिवंत बी नाही, म्हणून पर्यावरण खात्याची हरकत नाही. बी जिवंत नव्हतं, उतरवणारा होता. मी ती पेंड उतरवली नाही. मी वाटाणा उतरवतो. संध्याकाळी थुंकलो तर पिवळं पडतं. मुकादमाला मास्क मागितला तर म्हणाला, रुमाल बांध.

तेव्हा कामाचं बोलू. माहितीच्या अधिकाराचे दोन अर्ज करायचेत. एक, कुठल्या बंदरात किती जीएम पेंड उतरली आणि उतरवणाऱ्यांची छाती कुणी तपासली. दुसरा, मोहरीच्या तपासणीचे सगळे कागद मराठीत का नाहीत. मसुदा मी लिहिलाय, भाषा माझी आहे, चुका असतील. कॉलेजात जाणाऱ्यांपैकी दोघं-तिघं जेवणानंतर माझ्याजवळ बसा. दहा-दहा रुपये फी आहे, ती मी आणलीय.

जयभीम.